ग्लो इंजिन : वंगण आणि मिश्रणाची जुळवणी

प्रतिकृती-विमानांच्या लहान टू-स्ट्रोक इंजिनात तेलाची वेगळी टाकी नसते. वंगण इंधनातच असते, दट्ट्या व बेअरिंग भिजवून ते धुराबरोबर बाहेर पडते. रे आर्डेन यांनी १९४७ च्या सुमारास बाजारात रुळवलेल्या ग्लो प्लगवर मिथेनॉल जळते. त्यात खनिज तेल नीट विरघळत नाही, म्हणून एरंडेल किंवा कृत्रिम तेल, बहुधा १८ ते २० टक्के, घालतात. यांतले श्रेष्ठ कोणते, हा जुना वाद इंधनाचा प्रवाह ठरवणाऱ्या सुईच्या जुळवणीपासून तोडला की निरर्थक ठरतो. हवा-इंधनाचे मिश्रण विरळ झाले, म्हणजे इंधन कमी पडले, की त्यासोबत तेलही घटते. म्हणजे उष्णता वाढते नेमके तेव्हाच वंगण कमी पडते. अशा वेळी अनेक कृत्रिम तेले जळून जातात, एरंडेलाचा थर मात्र तग धरतो. एरंडेल लाखेसारखे चिकटून बसते हा आक्षेप खराच. पण चिकटा धुता येतो, चरे पडलेला सिलिंडर बदलावा लागतो. कृत्रिम तेलात थोडे एरंडेल, ही तडजोड म्हणूनच शहाणपणाची.

जुळवताना पूर्ण थ्रॉटलवर सुई हळूहळू आवळत कमाल वेग गाठावा, मग मिनिटाला दोन-तीनशे फेरे उतरतील इतकी ती उघडावी. यात शक्ती वाया जाते असे स्पर्धकांना वाटते. परंतु विमानाने नाक वर केले की टाकीतल्या इंधनाचा दाब घटतो आणि मिश्रण आणखी विरळ होते. जमिनीवरचा टॅकोमीटर हे दाखवत नाही. तेलाचे प्रमाण बदलले, तर सुईही पुन्हा जुळवावी लागते.