परक्या मुलखातील सणवार

उदगीरची वेस ओलांडली की बीदरचा रस्ता लागतो. इ. स. १४७१ च्या सुमारास अफनासी निकितिन नावाचा एक रशियन व्यापारी चौल बंदरी उतरला आणि जुन्नरमार्गे या बीदरास येऊन राहिला. बहामनी राज्याची ही राजधानी. आपला लातूर-नांदेडचा मुलूख त्याच राज्यात मोडत असे. निकितिन त्वेर नगरीचा. त्याचा गोरा रंग पाहून लोक त्याच्या मागे मागे फिरत, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. मात्र त्याच्या टिपणवहीतील खरे दुःख निराळे आहे. वाटेत लुटारूंनी त्याचे ग्रंथ नेले, त्यांबरोबर सणावारांची गणतीही गेली. ईस्टर कधी, उपवासाचा बुधवार-शुक्रवार कोणता, हे त्याला कळेना. मुसलमानांच्या बैरामवरून तो अंदाजाने आपला ईस्टर ठरवी. परतताना स्मोलेन्स्कजवळ त्याला मृत्यू आला. घर त्याला पुन्हा दिसले नाही. वही तेवढी मॉस्कोला पोहोचली.

निकितिनची आठवण आम्हांला होते, ती नांदेड-लातूरची मुले-मुली डॉक्टर होण्यासाठी रशियाला निघतात तेव्हा. आता वाट उलटी आहे.

ही वाट सोव्हिएत काळात रुळली. १९६० साली मॉस्कोत लोकमैत्री विद्यापीठ स्थापन झाले. पुढील वर्षी त्यास काँगोचे हुतात्मा नेते पॅट्रिस लुमुंबा यांचे नाव देण्यात आले. आशिया, आफ्रिका व लॅटिन अमेरिकेतील विद्यार्थ्यांना येथे फी नव्हती, वर विद्यावेतन मिळे. पहिले वर्ष केवळ रशियन भाषेचे. मेट्रोचे भाडे पाच कोपेक. ते तीस वर्षे बदलले नाही. १९९२ च्या जानेवारीत सरकारने भावांवरील नियंत्रण उठविले आणि विद्यावेतनावर जगणाऱ्यांच्या हाती काही उरेना. तेव्हापासून बहुतेकांचे शिक्षण आईबापांच्या पैशावर, म्हणजे आमच्याकडे पुष्कळदा शेत गहाण ठेवून, चालते.

दिनक्रम मात्र फारसा पालटलेला नाही. वसतिगृहाच्या दाराशी पहाऱ्याला बसलेली वयस्क बाई, मजल्यामजल्यावर सामाईक स्वयंपाकघर, काळा पाव, कोबीचे सूप, ग्रेचकाची खिचडी. मराठवाड्याच्या पोरांच्या बॅगेत तुरीची डाळ आणि येसर हमखास असते. फोडणीचा वास मजलाभर पसरतो आणि त्यावरून शेजाऱ्यांशी भांडण व मैत्री दोन्ही होतात. परीक्षेची तऱ्हा तर अजबच. 'लातूर पॅटर्न'मध्ये चार पर्यायांतून एक निवडण्यात तरबेज झालेल्या मुलाला तेथे चिठ्ठी उचलून प्राध्यापकांपुढे तोंडी उत्तर द्यावे लागते. गुण पाचपैकी, ते विद्यार्थ्याच्या छोट्या पुस्तिकेत हाताने लिहिले जात. रुग्णाशी बोलायचे तर रशियनच हवी. आणि मायदेशी परतल्यावर पुन्हा तीनशे पर्यायी प्रश्नांची चाळणी परीक्षा! दोन्ही परीक्षांत निभावणाऱ्यांचे आम्हांला कौतुक वाटते. न निभावणाऱ्यांना हिणवणे आम्हांला पटत नाही.

संकटेही आहेत. २००३ च्या नोव्हेंबरात लुमुंबा विद्यापीठाच्या एका वसतिगृहाला रात्री आग लागून चाळीसहून अधिक परदेशी विद्यार्थी दगावले. २०२२ च्या मार्चपासून व्हिसा आणि मास्टरकार्डने तेथील व्यवहार थांबविल्याने घरून पैसे पाठविणेही अवघड झाले. जून २०२४ मध्ये वोल्खोव्ह नदीत चार भारतीय विद्यार्थी बुडाले. त्यांत जळगाव जिल्ह्यातील मुले होती.

आपल्या धर्मग्रामातील आईबापांचा एक प्रश्न आणखी असतो : तेथे मिस्सा मिळते का? सोव्हिएत राजवटीत मॉस्कोत कॅथलिकांचे एकच चर्च उघडे राहिले, संत लुईचे; तेही गुप्त पोलिसांच्या मुख्यालयाच्या शेजारी. लेनिनग्राडमध्ये लुर्द मातेचे चर्च तेवढे टिकले. मॉस्कोचे निष्कलंक मरियेचे भव्य चर्च १९३८ मध्ये बंद करून त्यात मजले पाडले, कचेऱ्या थाटल्या. १९९० च्या डिसेंबरात, निष्कलंक मरियेच्या सणादिवशी, भाविकांनी त्याच्या पायऱ्यांवर उघड्यावर मिस्सा साजरी केली. आत प्रवेश नव्हता. १२ डिसेंबर १९९९ रोजी कार्डिनल सोदानो यांच्या हस्ते त्याचे पुन्हा पवित्रीकरण झाले. येथे आता इंग्रजीतही मिस्सा होते.

रशियाचा ऑर्थोडॉक्स नाताळ ७ जानेवारीला असतो. २५ डिसेंबरला सुट्टी नाही, उलट परीक्षांचे दिवस जवळ आलेले. मुले तास आटोपून बर्फातून चर्च गाठतात आणि वसतिगृहाचे दार बंद होण्याच्या आत परततात. नाताळच्या पूर्वरात्री येथे बारा वाजता घंटा वाजते, तेव्हा मॉस्कोत साडेनऊ झालेले असतात. त्या वेळी आई फोन लावते आणि तो तसाच चालू ठेवून चर्चच्या बाकावर ठेवते.