विद्युत् रोध व शक्ती यांची गणना : इतिहास व जालना जिल्ह्यातील उपयोजन

संवाहकाच्या दोन टोकांमधील विद्युत् दाब व त्यातून वाहणारा प्रवाह ही दोन मापे ज्ञात असता त्यांच्या भागाकाराने रोध आणि गुणाकाराने शक्ती मिळते. दाब दा (व्होल्ट), प्रवाह प्र (अँपिअर), रोध रो (ओहम) व शक्ती श (वॉट) या चिन्हांनी दर्शविल्यास रो = दा ÷ प्र आणि श = दा × प्र अशी ही सूत्रे होत. दोन्ही एकत्र केल्यास श = प्र² × रो हे तिसरे सूत्र मिळते. सूत्रे शालेय पाठ्यपुस्तकातील असली, तरी ती हाती येण्यास बराच काळ लागला.

हेन्री कॅव्हेंडिश यांना १७८१ मध्येच हा संबंध आढळला होता. प्रवाहमापक उपलब्ध नसल्याने ते स्वतःच्या शरीराला बसणाऱ्या धक्क्याची तीव्रता हेच माप मानीत. त्यांनी हे कार्य प्रसिद्ध केले नाही. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी ते १८७९ मध्ये उजेडात आणले. तोपर्यंत या नियमाचे श्रेय जर्मन भौतिकीविज्ञ गेओर्ख झिमोन ओहम (१६ मार्च १७८९ – ६ जुलै १८५४) यांच्याकडे गेले होते व ते योग्यच होय. कुलुपे बनविणाऱ्या कारागिराचे हे पुत्र कोलोन येथे शिक्षक होते. त्यांच्या प्रारंभीच्या प्रयोगांत विद्युत् घटमालेचा दाब स्थिर राहत नसे. योहान पोगेनडोर्फ यांच्या सूचनेवरून त्यांनी बिस्मथ व तांबे यांचे तपयुग्म वापरले आणि त्याचा एक सांधा उकळत्या पाण्यात व दुसरा वितळत्या बर्फात ठेवला. स्थिर दाब मिळताच वेगवेगळ्या लांबीच्या तांब्याच्या तारांतील प्रवाहांची तुलना शक्य झाली. १८२७ मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पण त्याचे स्वागत थंडपणे झाले व त्यांनी नोकरी सोडली. लंडनच्या रॉयल सोसायटीचे कॉप्ली पदक त्यांना १८४१ मध्ये मिळाले. त्याच वर्षी जेम्स प्रेस्कॉट जूल यांनी तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या व रोधाच्या प्रमाणात असते, असे प्रसिद्ध केले. ओहम, व्होल्ट व अँपिअर ही एकके १८८१ च्या पॅरिस येथील परिषदेत स्वीकारली गेली, तर वॉट १८८९ मध्ये.

जालना परिसर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. जालना हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातून मुख्यत्वे वेगळा काढण्यात आला. महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळ १९६० मध्ये स्थापन झाले व मराठवाड्यातील परळी येथील औष्णिक केंद्रातून १९७१ मध्ये वीज मिळू लागली. दुधना, पूर्णा, कुंडलिका यांच्या खोऱ्यांतील विहिरींवर मोटा जाऊन विद्युत् पंप बसले. वरील तीन सूत्रांची खरी कसोटी येथे लागली.

पाच अश्वशक्तीचा पंप घेऊ. त्याची यांत्रिक शक्ती ५ × ७४६ = ३,७३० वॉट होते. त्रिकला ४१५ व्होल्ट दाबावर, कार्यक्षमता व शक्तिगुणक प्रत्येकी ०·८ धरल्यास प्रवाह सुमारे ८·१ अँपिअर येतो. आता दाब ३३० व्होल्टपर्यंत उतरला असे समजू. ओहम नियम सरळ लावणारा विद्यार्थी प्रवाह कमी होईल असे म्हणेल, आणि शेगडीच्या बाबतीत ते बरोबर आहे : २३० व्होल्टची १,००० वॉटची शेगडी १८० व्होल्टवर केवळ ६१२ वॉट देते. चलित्राचे तसे नाही. पाणी तितक्याच उंचीवर चढवावयाचे असल्याने ते जवळजवळ तेवढीच शक्ती मागते. प्रवाह सुमारे १०·२ अँपिअर होतो आणि जूल यांच्या नियमानुसार वेटोळ्यांतील उष्णता दीडपटीहून अधिक, म्हणजे सुमारे १·६ पट होते. ‘मोटार जळाली’ असे शेतकरी म्हणतो त्यामागील एक प्रमुख कारण हे आहे. चलित्रासाठी दाब भागिले प्रवाह या राशीला रोध म्हणणे हीच मुळात चूक होय. तीत वेटोळ्याचा रोध हा लहानसा भाग असतो व उरलेला भाग प्रवर्तन आणि यांत्रिक भार यांमुळे येतो.

दाब उतरतो तो तारेतच. सुमारे ३० चौ. मिमी. छेदाच्या ॲल्युमिनियम तारेचा रोध दर किमी.ला ०·९३ ओहम असतो. रोहित्रापासून (ग्रामीण बोलीत ‘डीपी’) एक किमी. अंतरावर असे सहा पंप एकाच वेळी चालू झाल्यास प्रत्येक तारेत सुमारे ५० अँपिअर प्रवाह वाहतो, दर कलेत ४६ व्होल्ट दाब खर्ची पडतो आणि तिन्ही तारांत मिळून ७ किलोवॉट शक्ती वाया जाते. जवळजवळ दोन पंपांच्या कामाइतकी ही हानी आहे. टेलच्या शेतकऱ्याला बसणारा फटका तो हाच. १९७० नंतरच्या दशकात मीटरऐवजी अश्वशक्तीवर आकारणी सुरू झाल्यावर पंपाचा वापर आणि तारेतील हानी वेगळी काढणे अवघड झाले, कारण दोहोंपैकी एकही प्रत्यक्ष मोजली जात नव्हती. धोरण म्हणून तिचे समर्थन होऊ शकेल. मापन म्हणून नाही.

यावर उपाय तोच सूत्रसंबंध सुचवितो. तेवढीच शक्ती ११,००० व्होल्टवर नेल्यास प्रवाह सुमारे सव्वीसावा हिस्सा व तारेतील हानी सुमारे सातशेवा हिस्सा होते. महाराष्ट्रात २०१८ मध्ये कृषिपंपांसाठी हाती घेतलेली उच्चदाब वितरण प्रणाली, जीत एकदोन पंपांना स्वतंत्र लहान रोहित्र मिळते, याच तत्त्वावर आधारलेली आहे.

जालना शहरालगतच्या पोलाद उद्योगात मात्र जूल यांची उष्णता हानी नसून उत्पादनाचे साधन आहे. येथील प्रवर्तन भट्ट्यांत भंगार लोखंडातच प्रबळ प्रवाह निर्माण करून ते वितळवितात व त्यापासून बांधकामाच्या सळया लाटतात. एक टन धातू वितळविण्यास साधारणपणे ६०० युनिटांच्या आसपास वीज लागते. भट्टीच्या वेटोळ्याचा शक्तिगुणक फार कमी असल्याने धारित्रे जोडून तो सुधारावा लागतो. अन्यथा दाब व प्रवाह यांचा गुणाकार मोठा दिसूनही प्रत्यक्ष शक्ती थोडीच मिळते.