कलापिनी

तळेगाव दाभाड्यात ‘कलापिनी’ म्हटले की डॉ. शं. वा. परांजपे यांनी १९७७ मध्ये सुरू केलेली सांस्कृतिक संस्था आठवते. नावात ‘कला’ आहेच, पण जुन्या अर्थाची. संस्कृतात कला म्हणजे मुळात अंश. चंद्राचा सोळावा भाग तो चंद्राची कला. असे अंश एकत्र धरतो तो कलाप. अमरकोश त्याचे चार अर्थ देतो : दागिना, पिसारा, भाता, समूह. आपला केशकलाप त्यातलाच. पिसाऱ्यामुळे मोर झाला कलापी आणि लांडोर कलापिनी. निसर्गाने नाकारलेला पिसारा तिला व्याकरणाने दिला! हौशी रंगभूमीला मात्र ‘समूह’ हाच अर्थ जवळचा. नट, वादक, पडदा ओढणारा अशा सगळ्यांची मोट बांधली, तरच प्रयोग उभा राहतो.