पाचट शेतातच का राहिले

उसाच्या टाकाऊ भागांवरच्या संशोधनाचा इतिहास बहुधा शोधांची मालिका म्हणून सांगितला जातो. आधी चोथ्याचा उपयोग सापडला, मग मळीचा, आणि आता पाळी पाचटाची आली, असे त्याचे रूप असते. महाराष्ट्रातल्या उसाचे गेले शतक पाहिले, तर हा क्रम ज्ञानाने ठरवलेला दिसत नाही. जी वस्तू एका जागी साठली आणि मालकाला नकोशी झाली, तिच्यावर आधी डोके चालवले गेले. जी शेताशेतांत विखुरलेली राहिली, तिला काडी लागली. पाचटाच्या अंगात काय आहे, यापेक्षा त्याचा ढीग कोणाच्या दारात लागत नाही, या गोष्टीने त्याचे नशीब ठरवले.

गुऱ्हाळाच्या काळात हा प्रश्न वेगळ्या रूपात होता. चरकातून निघालेले चिपाड वाळले की चुलवाणात सरपण म्हणून जाई, राख शेतात पडे, वाढे बैलांपुढे येत आणि पाचटाने खोपी शाकारल्या जात. ही व्यवस्था आदर्श होती असे मात्र नाही. लाकडी चरकात बराच रस चिपाडातच राही, चुलवाणाची बरीचशी धग वाया जाई, आणि उरलेले पाचट तेव्हाही पेटवले जाई. फरक एवढाच की ऊस, काहील आणि बैल ही सारी एकाच शेतकऱ्याच्या नजरेखाली होती. काय वाया जाते आहे, ते त्याला तिथेच दिसत होते.

पुढे संशोधन आले ते साखर वाढवण्यासाठी. १९१२ साली कोइमतूरला ऊस पैदास केंद्र सुरू झाले. तिथे बार्बर आणि वेंकटरामन यांनी जाड, रसाळ उसाचा संकर रानटी, गवतासारख्या उसाशी घडवून आणला आणि १९१८ मध्ये ‘को २०५’ ही जात दिली. कोणी ढुंकून पाहत नव्हते त्या रानगवताने लागवडीच्या उसाला काटकपणा दिला, ही या विद्येची मोठी कामगिरी आहे. १९३२ साली नीरेच्या कालव्यावर पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र उभे राहिले. जुन्या पुंड्या उसाची जागा घेणाऱ्या जाती, खताच्या मात्रा, पाण्याच्या पाळ्या आणि दख्खनच्या कालव्यांखालच्या जमिनींची पाहणी हे सारे काम तिथून झाले. ‘को ७४०’ आणि नंतर ‘को ८६०३२’ या जातींनी महाराष्ट्राचे ऊसक्षेत्र व्यापले. एकरी टन आणि साखरेचा उतारा ही मोजमापे ठरली, आणि या दोन्हींत न बसणारा झाडाचा भाग हिशेबाबाहेर गेला.

त्याच १९३२ साली साखरेला आयातीविरुद्ध संरक्षण मिळाले आणि देशात कारखाने झपाट्याने वाढले. प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५०-५१ च्या हंगामापासून गाळप करू लागला आणि मग सहकाराची रांग लागली. टनभर ऊस गाळला की पाव टनाहून जास्त ओला चोथा आणि चाळीस किलोंच्या आसपास मळी उरते. हे सगळे एकाच आवारात साचते. मळीची विल्हेवाट लावताना कारखानदार मेटाकुटीला आले, तेव्हा इंधनात मद्यार्क मिसळण्याचा विचार पुढे आला आणि १९४८ मध्ये त्यासाठी केंद्राचा कायदा झाला. चोथ्याचे तर आणखी बोलके आहे. कारखाने तो बॉयलरमध्ये जाळत होते, पण कमी दाबाच्या, जास्त खाणाऱ्या बॉयलरमध्ये, कारण उरलेला ठेवायचा कुठे हा प्रश्न होता. १९९० च्या दशकात कारखान्यांकडून उरलेली वीज विकत घेण्याची धोरणे आली, तेव्हा त्याच चोथ्यासाठी उच्च दाबाचे बॉयलर बसू लागले. चोथा तोच होता, त्याला गिऱ्हाईक नवे मिळाले.

यावर आक्षेप येईल की पाचट मुळातच हलक्या मोलाचे आहे, म्हणून मागे पडले. हेक्टरी आठ-दहा टन पाचट पडते, त्यात अर्ध्या टक्क्याच्या आसपास नत्र, टक्काभर पालाश आणि भरपूर सेंद्रिय कर्ब असतो. पेटवले की नत्र आणि कर्ब धुरात जातात. उसाने थकलेल्या जमिनीसाठी हे मोल हलके नाही. दुसरा आक्षेप तंत्र नव्हते असा. तोही टिकत नाही. पाडेगावपासून जवळच, फलटणला, निंबकर कृषी संशोधन संस्थेने १९९० च्या दशकात उसाच्या पाल्यावर चालणारा गॅसिफायर तयार केला. पुण्यात आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेने शेतावर नेता येणाऱ्या भट्टीत पाचटापासून कोळसा आणि त्याच्या कांड्या बनवण्याची पद्धत बसवली. तिला २००२ मध्ये अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. भट्टी शेतावर नेण्याची ही कल्पना मला या इतिहासातली सर्वात विचारी वाटते, कारण पाचटाची अडचण नेमकी कुठे आहे ते तिने ओळखले होते. तरी हलके, फुगीर पाचट गोळा करायला माणसे लागतात, आणि तोड झाली की शेतकऱ्याला खोडव्याला पाणी देण्याची घाई असते. त्या वेळी त्याच्या हाताशी काडेपेटीशिवाय दुसरे काही नसते, म्हणून त्याला अडाणी ठरवणे अन्यायाचे आहे.

म्हणूनच जो उपाय शेतात रुजला, त्यात पाचट हलवावेच लागत नाही. खोडव्यात ते सरीत पसरायचे किंवा त्याची कुट्टी करायची, बुडखे मोकळे ठेवून छाटायचे, आणि टनाला आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट व एक किलो कुजवणारे जिवाणू टाकायचे. उंदीर होतात, सरीतले पाणी अडते, ही शेतकऱ्यांची तक्रार खरी आहे. ठिबकने पाण्याची अडचण बरीच कमी केली आहे.

याच शेतातली वाढे मात्र कधीच टाकाऊ झाली नाहीत. पाचटाच्या शेजारीच ती पडतात, पण ऊसतोड टोळी तिथे बैलांसह उभी असते. काही वाढे बैल खातात, उरलेल्यांच्या पेंढ्या बांधून विकल्या जातात आणि तेवढाच चार पैशांचा आधार मजुराच्या हाती येतो. आता हार्वेस्टर येतो आहे. तो पाला झाडून शेतातच पसरतो, म्हणजे पाचटाचे आच्छादन आपोआप होते. पण शेंडे छाटून तो तिथेच उडवून देतो, आणि ते उचलायला टोळी नसते, बैलही नसतात. यंत्रामागे पडलेल्या या शेंड्यांचा चारा कोणी गोळा करायचा आणि तो कोणाचा, हे आजच्या तोडणीच्या करारांत लिहून घ्यायला हवे.