बालचित्रकला आणि आत्मप्रत्यय : व्हिएन्ना ते तेरेझीन

‘सेल्फ-एस्टीम’ या मानसशास्त्रीय संज्ञेसाठी मराठीत स्वाभिमान, आत्मसन्मान, आत्मप्रतिष्ठा असे अनेक पर्याय योजले जातात. त्यांच्या अर्थच्छटा मात्र एक नाहीत. स्वाभिमान दुखावतो, डिवचला जातो. म्हणजे तो दुसऱ्याच्या संबंधातच जागा होतो. सन्मान हा तर मुळात कोणी तरी कोणाचा तरी करावयाचा असतो. त्याला ‘आत्म’ हे पूर्वपद जोडले तरी देणाऱ्या हाताची आठवण पुसली जात नाही. ‘आत्मप्रत्यय’ या शब्दाचा रोख निराळा आहे. प्रत्यय म्हणजे अनुभवाने आलेली खात्री. समर्थांच्या वाङ्मयात ‘प्रचीती’ला जे वजन आहे, तेच येथेही आहे. प्रत्यय दुसऱ्याला देता येत नाही, तो ज्याचा त्यालाच यावा लागतो. चित्रकलेच्या द्वारे मुलांच्या ठायी आत्मविश्वास उत्पन्न करावा, या आज सर्वमान्य झालेल्या विचाराचा इतिहास पाहू लागले असता हा शब्दभेद केवळ कोशकाराचा राहत नाही.

विल्यम जेम्स याने १८९० साली आपल्या मानसशास्त्रावरील ग्रंथात या भावनेचे एक समीकरणच मांडले होते : मिळालेले यश भागिले बाळगलेली आकांक्षा. पुढे, विशेषतः १९६० नंतरच्या अमेरिकेत, या समीकरणातील यशाचा अंश हळूहळू गळून पडला आणि प्रशंसा त्याच्या जागी आली. मुलाची स्तुती करा, म्हणजे त्याचे स्वतःविषयीचे मत उंचावेल आणि मग अभ्यास व वर्तनही आपोआप सुधारेल, ही समजूत इतकी बळावली की कॅलिफोर्निया राज्याने त्यासाठी एक शासकीय समिती नेमली; तिचा अहवाल १९९० साली प्रसिद्ध झाला. रॉय बाउमाइस्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली तोवरच्या संशोधनाचा जो आढावा घेतला, त्यात या समजुतीला फारसा आधार सापडला नाही. त्या चळवळीचा अधिक परामर्श घेण्याचे येथे कारण नाही. तिच्या कितीतरी आधी मध्य युरोपात हाच प्रश्न चित्राच्या कागदावर सोडविला जात होता, आणि तेथे स्तुतीला गौण स्थान होते. लक्ष द्यावयाचे ते त्या परंपरेकडे.

एकोणिसाव्या शतकातील शालेय चित्रकला म्हणजे नक्कल. छापील रेषाकृती समोर ठेवावी आणि ती हुबेहूब उतरवावी. हात व डोळा यांना वळण लावून उद्योगधंद्यांना कुशल कारागीर पुरवावेत, हा तिचा उघड हेतू होता. लंडनच्या साउथ केन्सिंग्टनची ही पद्धती इंग्रजी अमलाबरोबर मुंबई इलाख्यातही आली. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षांची नावे महाराष्ट्रातील कोणाही शिकलेल्या माणसाच्या परिचयाची आहेत. त्या परीक्षांनी खेडोपाडीच्या मुलांना रंगपेटी दाखविली, हे ऋण मान्य केले पाहिजे. परंतु आपली रेषा चांगली की वाईट हे मुलाला श्रेणी हाती पडल्यावरच कळावे, ही सवयही त्यांनीच लावली.

या पद्धतीला व्हिएन्नात तडा दिला तो फ्रान्त्स चिझेक याने. चिझेकचा जन्म १८६५ साली बोहेमियातील लितोमेर्झित्से येथे झाला. व्हिएन्नात चित्रकला शिकत असता तो ज्या सुताराकडे राहत असे, त्याच्या मुलांची कुंपणावरील चित्रे पाहून त्याला आपला मार्ग दिसला, अशी कथा सांगितली जाते. तिचे स्वरूप आख्यायिकेचे असले तरी १८९७ साली त्याने मुलांसाठी स्वतंत्र चित्रवर्ग उघडला, हा इतिहास आहे. मुलाची रेषा ही प्रौढ रेषेची बिघडलेली आवृत्ती नसून तिचे स्वतःचे नियम असतात, हा त्याचा सिद्धान्त होता. पहिल्या महायुद्धानंतर या वर्गातील चित्रांची प्रदर्शने इंग्लंडमध्ये भरली आणि चिझेकचे नाव सर्वतोमुखी झाले.

तथापि ती चित्रे आज एकत्र पाहिली असता एक गोष्ट खटकते : ती परस्परांसारखी फार दिसतात. ठसठशीत बाह्यरेषा, सपाट रंग, लोककलेच्या वळणाची वेलबुट्टी. पूर्ण स्वातंत्र्याची ग्वाही देणाऱ्या वर्गात गुरूची आवडनिवड न बोलता उतरत होती, असाच याचा अर्थ करावा लागतो. मुलाला मोकळे सोडले म्हणजे त्याला स्वतःचा प्रत्यय येतोच असे नाही. गुरूच्या डोळ्यांतील पसंती हीही एक श्रेणीच असते.

फ्रीडल डिकर ही या चिझेकची विद्यार्थिनी. तिचा जन्म १८९८ साली व्हिएन्नात झाला. चिझेकनंतर ती योहानेस इट्टेन याच्या खाजगी शाळेत गेली आणि १९१९ साली त्याच्याबरोबर वायमारच्या बाउहाउसमध्ये दाखल झाली. इट्टेनची शिस्त चिझेकच्या मोकळिकीहून अगदी भिन्न होती. त्याच्या वर्गाचा आरंभ श्वासाच्या व अंगविक्षेपांच्या व्यायामाने होई. लय आधी शरीरात यावी आणि मग कोळशाच्या कांडीतून कागदावर उतरावी. साहित्याचा पोत, छायाप्रकाशाचा विरोध, जुन्या चित्रांची रचना उलगडून पाहणे हे सारे ठरलेल्या अभ्यासातून शिकविले जाई. हे दोन संस्कार डिकरच्या ठायी एकत्र आले, आणि तिच्या अध्यापनाचे मर्म या संयोगातच आहे. १९३४ साली व्हिएन्नात तिला राजकीय कारणास्तव अटक झाली; सुटकेनंतर ती प्रागला गेली आणि तेथे निर्वासितांच्या मुलांना चित्रकला शिकवू लागली. १९३६ साली पावेल ब्रँडाइसशी तिचा विवाह झाला. डिसेंबर १९४२ मध्ये या उभयतांना तेरेझीन येथे पाठविण्यात आले.

तेरेझीन हे अठराव्या शतकातील तटबंदीचे गाव. नाझींनी नोव्हेंबर १९४१ पासून त्याचा उपयोग ज्यूंना कोंडून ठेवण्यासाठी व तेथून पूर्वेकडील मृत्युछावण्यांत रवाना करण्यासाठी केला. चिझेकचे जन्मगाव लितोमेर्झित्से येथून अवघ्या तीन-चार किलोमीटरांवर आहे. भूगोलाच्या या योगायोगातून कोणताही अर्थ काढण्याचे कारण नाही, पण तो ध्यानात राहतो.

तेथे मुलांना शालेय विषय शिकविण्यास बंदी होती. गाणे, हस्तव्यवसाय, चित्रे मात्र करमणूक म्हणून चालत असत. या फटीतून डिकर-ब्रँडाइसने आपला वर्ग चालविला, मुख्यतः मुलींच्या एल ४१० या वसतिगृहात. कागद मिळेल तो : कचेऱ्यांतील जुने छापील तक्ते, त्यांची कोरी पाठ, वेष्टनाचा कागद. एका दालनात अनेक मुली दाटीवाटीने राहत, उपासमार व आजार नित्याचे, आणि आज शेजारी बसलेली मुलगी उद्याच्या गाडीने जाणार नाही याची शाश्वती नाही.

अशा ठिकाणी तिने काय शिकविले ते कागदांवरूनच दिसते. शिक्षिकेने सांगितलेल्या लयीवर ओढलेल्या वेटोळ्यांचे व आघातांचे अभ्यास; समोर मांडलेल्या वस्तूंची चित्रे; छापील तक्त्यांचे तुकडे फाडून व चिकटवून केलेली दृश्ये; क्रानाख, व्हर्मेअर अशा जुन्या चित्रकारांच्या रचनांवरून केलेली कागदकामे. भावना ओता, दुःख व्यक्त करा, असा आग्रह या अभ्यासांत दिसत नाही. किंबहुना त्यांतील बरेचसे कागद एखाद्या कलाशाळेच्या पहिल्या वर्षाचे वाटावेत. १९५९ साली प्रागमध्ये तेरेझीनच्या मुलांची चित्रे व कविता एकत्र प्रसिद्ध झाल्यापासून या साऱ्या संग्रहाकडे निरागस आशेचे प्रतीक म्हणून पाहण्याची प्रथा पडली. फुले आणि फुलपाखरे तेवढी निवडली जातात; लयीचे अभ्यास कोणी छापत नाही. इतिहासाच्या दृष्टीने ही निवड दिशाभूल करणारी आहे, कारण मुलांना आधार देणारी वस्तू चित्राच्या विषयात शोधली जाते, तर ती पुष्कळ अंशी कृतीत होती. जेम्सचे समीकरण येथे पुन्हा आठवावे. ज्या जागी मुलाची प्रत्येक आकांक्षा बाहेरून शून्यावर आणली गेली होती, तेथे यशाला तरी अर्थ कोणता? परंतु समोरच्या भांड्याची कड कागदावर वळविता येणे, फाडलेल्या कागदाचा तोल साधणे, हे यश लहान असले तरी मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी पारखता येत होते. छावणीच्या सत्तेला ते देता येत नव्हते आणि हिरावूनही घेता येत नव्हते.

१९४३ साली तेथे मुलांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले आणि डिकर-ब्रँडाइसने बालचित्रकलेवर एक व्याख्यान दिले. प्रत्येक मुलाला चित्रकार बनविणे हा या वर्गाचा हेतू नव्हे, तर त्याच्यातील निर्मितिक्षमता व स्वतंत्र वृत्ती मोकळी करणे हा होय. बालपण ही प्रौढत्वाची केवळ पूर्वतयारी नव्हे. प्रौढांनी आपल्या सौंदर्यकल्पना मुलांवर लादू नयेत, असा तिच्या प्रतिपादनाचा आशय होता.

आणखी एक गोष्ट बारीक वाटेल. या वर्गातील मुले आपल्या चित्रांवर आपले नाव घालीत. पुष्कळदा खोलीचा किंवा गटाचा क्रमांकही. तेरेझीनला येणाऱ्या प्रत्येकाला, मग तो सहा वर्षांचा का असेना, गाडीचे चिन्ह व त्यापुढील क्रमांक मिळे आणि दप्तरी त्याची ओळख तीच. क्रमांकाने मोजता येते, हाक मारता येत नाही. चित्राच्या कोपऱ्यातील नाव हाक मारण्याजोगे होते. शिवाय ‘हे मी केले’ असे त्यात विधान होते, आणि विधान करणारा कर्ता असावा लागतो.

सप्टेंबर १९४४ अखेर पावेलला आउश्वित्सला पाठविण्यात आले. ६ ऑक्टोबरच्या गाडीने फ्रीडलही गेली आणि ९ ऑक्टोबर रोजी तिला ठार करण्यात आले. पावेल वाचला. चित्रे दोन पेट्यांत भरून ठेवलेली होती. एल ४१० चे प्रमुख विली ग्रोआग यांनी १९४५ साली ती प्रागच्या ज्यू समाजाकडे पोचविली. प्रागच्या ज्यू वस्तुसंग्रहालयातील या संग्रहात सुमारे ४,५०० चित्रे आहेत. त्यांवरील नावे गाड्यांच्या याद्यांशी ताडून कोणाचे काय झाले हे संशोधकांना ठरविता आले. बहुतेक मुले जगली नाहीत. हा वर्ग मुलांना वाचवू शकला नाही, आणि त्याचे मोल या कसोटीवर ठरविणे हे त्या मुलांवर व शिक्षिकेवर सारखेच अन्यायाचे होईल.

प्रागमधील निर्वासित मुलांच्या वर्गात डिकरला साहाय्य करणारी तिची तरुण विद्यार्थिनी ईडिथ क्रेमर १९३८ साली न्यूयॉर्कला पोचली होती. पुढे १९५० नंतरच्या दशकात विल्टविक या निवासी शाळेत, घरादाराला पारख्या झालेल्या आणि हिंसेला सरावलेल्या मुलग्यांना तिने चित्रकला शिकविली. त्या अनुभवावरील तिचा ग्रंथ १९५८ साली निघाला आणि कलोपचार या नव्या शास्त्राच्या पायाभूत ग्रंथांत गणला गेला. चित्रातून मनाचे गुपित वाचावयाचे, हा तिच्या समकालीन मार्गरेट नाउमबर्ग यांचा भर होता. क्रेमरने चित्र चांगले साधणे यालाच उपचार मानले. शिक्षकाच्या कामाला तिने ‘तिसरा हात’ असे नाव दिले : ओली माती कोसळू लागली तर आधार देणारा, रंग गढूळ होत असेल तर स्वच्छ पाणी पुढे करणारा, पण मुलाच्या चित्रात आपली रेष न ओढणारा. व्हिएन्नाच्या वर्गात गुरूचा हात अदृश्यपणे चित्रात शिरत असे. तो बाहेर कसा ठेवावा आणि तरीही मुलाला एकटे कसे सोडू नये, हे क्रेमर डिकरच्या हाताखाली शिकली होती.