रुग्णाआधी पोहोचावी त्याची नोंद

नागपूर - रुग्णवाहिकेत घेतल्यापासून आकस्मिक विभागात उतरवीपर्यंत रुग्णावर कोणते उपचार झाले, याची नोंद वर्षानुवर्षे कागदी तक्त्यावर होत आली आहे. धावत्या गाडीत, एका हाताने सलाइन सांभाळत लिहिलेले अक्षर पुढच्या डॉक्टरला लागेलच, याची शाश्वती नसते. मोबाईल किंवा टॅबलेटवर नोंद करण्याची गरज यातूनच निर्माण झाली.

महाराष्ट्रात '१०८' सेवा २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांसह सुरू झाली. त्यांपैकी २३३ प्रगत जीवनरक्षक प्रणालीच्या होत्या. गाडीत डॉक्टर असणे हे या सेवेचे वैशिष्ट्य. मात्र त्या डॉक्टरने पाहिलेले पुढे पोहोचले नाही, तर त्याचा उपयोग निम्माच!

विदर्भात हा प्रश्न अधिक तीव्र आहे. गडचिरोलीहून नागपूरचे 'मेडिकल' सुमारे १७० किलोमीटरवर. भामरागड, सिरोंचा तर त्याही पलीकडे. विषारी सर्पदंशाचा रुग्ण येथे येतो, तेव्हा दंश केव्हा झाला, अँटी स्नेक व्हेनमच्या किती कुप्या दिल्या, काचेच्या नळीतील रक्त २० मिनिटांत गोठले की नाही, हे कळणे अत्यावश्यक असते. पहिली मात्रा साधारणतः ८ ते १० कुप्यांची असते. रक्त न गोठण्याची लक्षणे असल्यास सुमारे ६ तासांनी पुन्हा चाचणी करून पुढील मात्रा ठरते. पहिल्या मात्रेची वेळच हरवली, तर हे ६ तास मोजायचे कोठून?

मोबाईलवरील नोंदीत नाडी, रक्तदाब, प्राणवायूचे प्रमाण व औषधे वेळेसह साठविली जातात. ईसीजीचा आलेखही आधी पाठविता येतो. जंगलपट्ट्यात 'रेंज' नसते. त्यामुळे माहिती उपकरणातच साठवून संपर्क येताच पुढे जाणारी व्यवस्था हवी. यंत्राने टाकलेली वेळ ही नोंदीची असते, उपचाराची नव्हे. दोन्हींसाठी स्वतंत्र रकाने नसतील, तर घाईत मागाहून भरलेली माहिती दिशाभूल करते. बेशुद्ध रुग्णाचा १४ अंकी 'आभा' क्रमांकही मिळत नाही, म्हणून त्या फेरीचा तात्पुरता क्रमांक लागतो.

टॅबलेटवर भरून तेच पुन्हा कागदावर उतरवावे लागले, तर कर्मचारी टॅबलेट बाजूला ठेवणार, हे उघड आहे. आकस्मिक विभागातही पडद्याकडे पाहणारी व्यक्ती नेमलेली हवी. अपघाताच्या प्रकरणांत ही नोंद न्यायालयात पुरावा ठरू शकते. त्यामुळे दुरुस्ती करताना मूळ मजकूर पुसला न जाता, बदल कोणी व केव्हा केला, हे दिसत राहावे लागते.