नाणेघाट : एका जकातीच्या वाटेचा इतिहास

ठाण्यातील खोपटच्या एसटी स्थानकावरून कल्याण-मुरबाडमार्गे पूर्वेस निघालेल्या प्रवाशाला, टोकावडे मागे पडून वैशाखरे जवळ येताच, सह्याद्रीच्या अखंड भासणाऱ्या कड्यात एक खिंड दिसू लागते, तोच नाणेघाट. आज तेथे लोक जातात ते बहुधा पावसाळ्यातील धुके आणि वाऱ्याने उलटे उसळणारे धबधबे पाहण्यासाठी. परंतु ज्या सातवाहन राजांनी काळ्या पाषाणात ही वाट खोदवली, त्यांना जुन्नर आणि कल्याण बंदर यांमधली मालाची रहदारी राखावयाची होती व तिचे उत्पन्न सरकारजमा करावयाचे होते.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथाचा अज्ञात कर्ता सांगतो की, थोरल्या सारगन राजाच्या अमलात कल्याण ही राजमान्य पेठ होती. पुढे संदन या दुसऱ्या सत्ताधीशाकडे तिचा ताबा गेल्यावर तेथील व्यापाराची कोंडी झाली, आणि तेथे लागलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. बंदराच्या मालकीवरून सत्ताधीशांत असा संघर्ष चालला असता, बंदराकडे उतरणारी वाट ज्याच्या हाती, त्याचे पारडे जड होणार हे उघड होते. म्हणूनच जीवधन, चावंड, हडसर आणि शिवनेरी असे किल्ले या मुलखात एकमेकांच्या दृष्टीच्या टप्प्यात उभे आहेत.

घाटमाथ्यालगतच्या लेण्यात सातवाहन सत्तेचे दप्तरच भिंतीवर कोरलेले आहे. दोन्ही बाजूंच्या भिंतींवरील ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेखात, सातकर्णीची राणी नागनिका हिच्याशी निगडित अशा अश्वमेधादी यज्ञांची व त्यांत दिलेल्या गाई, हत्ती, घोडे आणि कार्षापण नाणी यांची जंत्री असून, त्यातील अंकचिन्हे भारतीय अंकलेखनाच्या प्राचीनतम पुराव्यांत गणली जातात. मागच्या भिंतीवर सिमुक सातवाहनापासूनच्या राजकुलाच्या प्रतिमा होत्या. आता वर नावे आणि खाली झिजलेल्या पावलांचे अवशेष तेवढे उरले आहेत. कर्नल साइक्स यांनी हे लेणे विद्वानांच्या नजरेस आणले; पुढे भगवानलाल इंद्रजी आणि ब्यूलर यांच्या परिश्रमांनी लेखाचे वाचन सिद्ध झाले. खिंडीच्या तोंडाशी असलेला मोठा दगडी रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी होता, अशी लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे.

बोरघाटातून १८६३ साली आणि थळघाटातून १८६५ साली लोहमार्ग घाटमाथ्यावर पोहोचल्यावर देशावरील मालाला सुलभ वाट मिळाली आणि या पायवाटेचे जुने महत्त्व ओसरले.

आज ती चढू इच्छिणाऱ्याने ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ पसंत करावा. वैशाखऱ्याकडून येणाऱ्यास चढ प्रथम लागत असला, तरी परतीच्या उतारावर झिजलेल्या पायऱ्या गुडघ्यांची परीक्षा पाहतात, आणि पावसात त्या शेवाळाने निसरड्या होतात. उन्हाळ्यात पहाटे निघावे, पाणी पुरेसे सोबत घ्यावे; खोदीव टाक्यांच्या भरवशावर राहू नये. लेण्यात गेल्यावर अक्षरांवर खडू फिरवू नये, त्यांवर हात ठेवू नये. दोन हजार वर्षे वारापावसातही टिकलेला हा लेख माणसाच्या हौसेने पुसला गेला, तर तो मूळ लेख पुन्हा मिळणार नाही.